शिवराई, तीन लाख आणि आमचे नाना

आज घरचीच गोष्ट सांगतो, नानांना विचारून.

आमच्या अंथुर्ण्याच्या घरी देव्हाऱ्यात आजीच्या चार शिवराया आहेत. मध्यंतरी नानांनी मोबाईलवर जाहिरात बघितली: "जुनं नाणं द्या, तीन लाख घ्या." फोन लावला. आधी नोंदणीचे 2,100, मग जीएसटीचे म्हणून 8,500. नंतर फोन बंद. नाना आठ दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. पैसे गेल्यापेक्षा लाज जास्त.

शिवराई म्हणजे तांब्याचं, रोजच्या बाजारातलं नाणं. महाराजांनी सुरू केलं, पेशवाईतही त्याच नावानं पाडलं जात होतं. म्हणून तर अजून घरोघरी सापडतं. एखादा दुर्मिळ प्रकार सोडला तर त्याला लाख कुणी देत नाही. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच सांगितलंय, की जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आमचा संबंध नाही, आमच्या नावानं फी घ्यायचा अधिकारही कुणाला दिलेला नाही.

मग त्याचं मोल कशात? जरा रोमकडे बघा. तिथं सोन्याचं नाणं मोठ्यांकडं, तांब्या-पितळेचं गरिबाच्या हातात. आणि त्यावरच बादशहाचा चेहरा. मागच्या बाजूला देऊळ, जहाज, हातात कणसं घेतलेली धान्यदेवी. वेस्पासियननं ज्यूंचा प्रदेश जिंकला तर इ.स. 71 च्या नाण्यावर खजुराखाली शोक करत बसलेली बाई काढली. म्हणजे भाजी घेतानाही राजाचा विजय डोळ्यासमोर. पेपर-टीव्ही नव्हते, नाणं होतं.

आता आपली शिवराई बघा. चेहरा नाही, हरलेला शत्रू नाही. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसरीकडं "छत्रपति". बास. तेही फारसीत नाही, आपल्या अक्षरात. बाजारहाट करणाऱ्या माणसाच्या हातात ही अक्षरं आली, हे मोल आहे.

दोन विनंत्या. घरची नाणी चिंचेनं घासू नका, भंगारात तर अजिबात घालू नका. आणि विहीर खोदताना, जेसीबी लावताना गाडगंभर नाणी निघाली तर वाटून घेऊ नका, वितळवू नका. 1878 च्या कायद्यानं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावंच लागतं.

आणि फी मागणारा फोन आला तर सरळ 1930 ला कळवा. लाजू नका. नाना लाजले, तोवर उशीर झाला.

शिवराया परत देव्हाऱ्यात आहेत. काल नातीनं नानांना त्यावरची अक्षरं वाचून दाखवली.