दंडघेर

मी बायकांचे ब्लाउज शिवते. मापाच्या वहीत प्रत्येकीचं एक पान आहे, आणि पहिलं पान माझं. त्यावर 2006 सालच्या ओळीत लिहिलंय : छाती 28, दंडघेर 8. तेव्हा मी 31 वर्षांची होते आणि वजन होतं 36 किलो.

मालक आदल्या वर्षी गेले. आधी ताप, मग जुलाब, मग नुसती हाडं. सासरच्यांनी त्यांना असं झिजताना पाहिलं होतं. त्यामुळे माझं परकराचं नाडं दोन वेढे घ्यायला लागलं तेव्हा घरात कुणी काही विचारलं नाही. मी दर पंधरा दिवसांनी रात्री मशीनवर बसायचे, ब्लाउजला आतून आणखी एक टीप मारायचे आणि दुसऱ्या दिवशी तोच घालायचे. बाहेरून अंगाला बसलेला दिसला पाहिजे, एवढंच डोक्यात.

एचआयव्हीवरची सरकारची मोफत औषधं, म्हणजे एआरटी, 2004च्या एप्रिलमध्ये सुरू झाली होती. रक्तातल्या सीडी-फोर पेशी 200च्या खाली गेल्या की गोळ्या मिळायच्या. माझ्या 84 होत्या. एका गोळीत तीन औषधं : स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन, नेव्हिरापिन. सकाळ-संध्याकाळ. पहिल्या महिन्यात दीड किलो वाढलं. समुपदेशक ताईंनी हिरव्या पुस्तकात आकडा लिहिला आणि पुस्तक माझ्याकडे फिरवून त्यावर बोट ठेवलं. दीड किलो! एस.टी.त बसून घरी येईपर्यंत मी ते पुस्तक चार वेळा उघडून पाहिलं. त्या काळात आम्ही बायका चपला घालून, हातात पिशवी धरून काट्यावर चढायचो. ताई ओरडायच्या, ‘मावशी, पिशवी खाली ठेवा!’ पण आम्हाला आकडा हवा असायचा. वर्षभरात मी 50 किलोची झाले. अंगावर मूठभर मांस चढलं, मारलेल्या टिपा मी एकेक करून उसवल्या.

पुढचं सांगायला अवघड जातं. 2009 नंतर आरशात काहीतरी बिनसलं. वजन तेवढंच, पण गालफडं बसली. दंडावरच्या शिरा दोरीसारख्या दिसायला लागल्या, पोट मात्र सुटलं. दुसरीची मापं घेताना कळलं नसतं, पण माझ्या पानावर लख्ख दिसत होतं. छाती 33 आणि दंडघेर पुन्हा साडेआठ. अशा मापाचा ब्लाउज मी उभ्या आयुष्यात शिवला नव्हता. मी कोपरापर्यंत बाह्या शिवायला लागले. गालाला काय करणार? बाजारात एका बाईनं माझ्याकडे पाहून पदर तोंडाला लावला. जी गोळी मला जगवत होती तीच माझा आजार तोंडावर लिहून गावाला दाखवत होती.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. स्टॅव्हुडिन चरबीच्या पेशींना आतून निकामी करतं, त्यामुळे गाल, हात, पाय, कुल्ले यांतली चरबी झडते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009मध्येच ते बंद करत आणा असं सांगितलं होतं. माझी गोळी 2012मध्ये बदलली : टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, एफाव्हिरेन्झ, रात्री एक. दंड हळूहळू भरले. गाल मात्र पूर्वीसारखे झाले नाहीत.

2021मध्ये एफाव्हिरेन्झ जाऊन डॉल्युटेग्राव्हिर आलं. औषध चांगलंच आहे, हे मी मनापासून सांगते. रात्रीची चक्कर गेली, चित्रविचित्र स्वप्नं थांबली. पण 58 किलोची मी तीन वर्षांत 72वर गेले. दंडघेर 13. जुने ब्लाउज उसवायचे म्हटलं तर आत माया शिल्लक नव्हती.

एआरटी केंद्रातल्या रांगेत आता आम्ही चपला काढून, स्वेटर काढून, मोबाईल बाकावर ठेवून काट्यावर चढतो. कुणी म्हणतं गोळीची सूज आहे, कुणी म्हणतं वय. आमच्यातल्या एकीनं तर कुणाला न सांगता गोळ्याच बंद केल्या. चार महिन्यांनी तापानं फणफणत आली. तिला पाहून माझ्या पोटात खड्डा पडला. तिला जर आधीच कुणी सांगितलं असतं की हे होऊ शकतं, त्यावर बोलता येतं, तर! जोहान्सबर्गमध्ये या औषधांवर मोठा अभ्यास झाला, 2019मध्ये छापून आला. टेनोफोव्हिर आमचंच, सोबत डॉल्युटेग्राव्हिर दिलं तेव्हा 48 आठवड्यांत बायकांचं वजन सरासरी 3.2 किलोनं वाढलं, एफाव्हिरेन्झवाल्या गटात 1.7 किलोनं. म्हणजे गोळीचा वाटा आहे, पण माझे चौदाच्या चौदा किलो तिच्या माथी मारता येणार नाहीत. दिवसभर मशीनवर बसणं आहे, पाळी गेली आहे, आणि एकदा झिजून मरायला टेकलेलं माणूस ताटात काही टाकत नाही.

डॉक्टर म्हणाले, ‘साखर काठावर आहे, पाच-सहा किलो उतरवा.’ त्यांनी सहज सांगितलं. मी मान हलवली आणि बाहेर येऊन बाकावर बसून राहिले. वजन उतरणं म्हणजे काय, हे मी एकदा मालकांच्या अंगावर पाहिलंय आणि एकदा स्वतःच्या. ते आपणहून कसं करायचं?

तरी चालायला लागले. भात निम्मा केला, चहातली साखर सोडली. दोन महिन्यांनी काट्यावर 71 आलं. ताईंनी शाबासकी दिली. त्या रात्री मला झोप लागली नाही. कपाळाला हात लावून ताप आहे का बघत होते, जीभ आरशात पाहत होते. पुढच्या खेपेला ताईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. माझ्या व्हायरल लोड तपासणीची तारीख जवळच आली होती, तिथंच रक्त घेतलं. रिपोर्टात विषाणू सापडला नाही. ताईंनी 71च्या खाली 70 लिहिलं आणि पूर्वीसारखंच पुस्तक माझ्याकडे फिरवून त्यावर बोट ठेवलं.

आता 68 आहे. सकाळी सहाला ओढ्याच्या पुलापर्यंत जाते आणि येते. परवा स्वतःसाठी नवा ब्लाउज बेतला, दंडघेर 12. माया दोन्हीकडे इंचभर सोडली आहे.