वाळूवर वसलेले अश्दोद
आपल्या पुलगावला वर्धा नदी, तर इस्राएलच्या अश्दोदला भूमध्य समुद्र. १९५६ साली वाळूच्या टेकड्यांवर हे शहर वसले; १९६५ मध्ये बंदर सुरू झाले. कोकणात तेलाचे घाणे चालवून शनिवारी काम बंद ठेवणारे ‘शनवार तेली’, म्हणजेच बेने इस्राएल, यांची बरीच कुटुंबे येथे आहेत. वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून मराठी आहे. मलिद्याला पोहे-नारळ लागतातच.

पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. म्हणून समुद्राचे खारे पाणी गोडे करून वापरतात. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सायंकाळपर्यंत बहुतेक बस बंद असतात. गाझा जवळ असल्याने सुरक्षिततेची चौकशी करूनच निघावे.

आपल्याकडे चार महिने पावसाचे, तरी उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. अश्दोद पाहून आलेल्याने निदान पाण्याचा हिशेब ठेवायला शिकावे.