होर्मुझचा घोडा, आळंदचा बाजार

ऑक्टोबर २०२४ मध्ये नौदलाची ‘तीर’ व ‘शार्दूल’ आणि तटरक्षक दलाचे ‘वीरा’ ही प्रशिक्षण पथकातील जहाजे इराणच्या बंदर अब्बासला लागली व तेथून मस्कतला गेली. आमच्या परिचयाच्या एका घरी या वार्तेने हुरळलेल्या नातवाने तटरक्षक दलाचे नाव काढताच आजोबा उद्गारले, “अरे, आपल्या बिदरकरांचा आणि दर्याचा संबंध काय?” प्रश्न रास्त वाटतो खरा, परंतु बंदर अब्बाससमोरच होर्मुझचे बेट आहे, आणि त्याचा बिदरशी संबंध पाचशे वर्षांहून जुना आहे.

या मुलखात घोडे निपजत नाहीत, असे अफानासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. बहमनी फौजेला तर घोडे हवेत! म्हणून ते होर्मुझहून गलबतांतून येत. १४७० च्या सुमारास निकितीनही एक घोडा घेऊन निघाला व मस्कत, दीव, खंबायत करीत चौलला उतरला. जुन्नरच्या खानाने तो घोडा हिरावून घेतला; मोठ्या मिनतवारीने तो परत मिळाला. वर्षभर पोसून अखेर निकितीनने तो बिदरला विकला. खर्च वजा जाता त्याच्या पदरी काय पडले असेल कोण जाणे!

बिदरला आम्ही महमूद गवानाचा मदरसा पाहिला. गवानही मूळचा गिलानचा व्यापारी. १४५३ मध्ये दाभोळला उतरून आला आणि पुढे राज्याचा वजीर झाला. त्याच्या मदरशाच्या उरलेल्या एका मनोऱ्यावर इराणी धाटणीच्या रंगीत फरशांचे तुकडे अजून तग धरून आहेत. किल्ल्यातील रंगीन महालात तर काळ्या दगडात शिंपले जडविले आहेत. समुद्रापासून इतक्या दूर ते पाहताना आम्ही बराच वेळ तेथून हललो नाही.

१४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे गवानाचा शिरच्छेद झाला आणि राज्याची शकले होऊ लागली. पुढे पोर्तुगीजांनी दाभोळ जाळले व १५१५ मध्ये होर्मुझ कबजात घेतले. आपण दर्याला पारखे झालो ते तेव्हापासून, असे आम्हांस वाटते.

परतताना आळंदला उतरलो. शेख अलाउद्दीनच्या नावे भरणाऱ्या ज्या जत्रेत वीस हजार घोडे विक्रीस येत असे निकितीन सांगतो, ती येथलीच मानतात. दर्ग्यात मराठी, कानडी, उर्दू तिन्ही भाषा कानी पडत होत्या. घोडा मात्र एकही दिसला नाही.