आज तू येणार ना?

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि घराघरांत सकाळी पोटं दुखू लागतात. बाहेर पावसाची झड लागलेली, अंगावर उबदार गोधडी आणि स्वयंपाकघरातून आईच्या हाकांवर हाका. मोठी माणसं म्हणतात, ढोंग आहे. मला ते दुखणं कधीच खोटं वाटलं नाही. गृहपाठ राहिलेला असतो, गणिताच्या तासाला फळ्यापाशी उभं राहिल्यावर तोंडाला कोरड पडलेली असते, मधल्या सुट्टीत डबा एकट्यानं खावा लागलेला असतो. मुलाला हे सांगता येत नाही. मग त्याच्या वतीनं पोट बोलतं.

अशा वेळी आपण त्याला पुढचे दिवस दाखवतो. शीक, मोठा हो, साहेब हो. पण वीस वर्षांनी मिळायची नोकरी आठ वर्षांच्या जिवाला आज अंथरुणातून कशी उठवणार? त्याला उठवतं ते आजचंच काहीतरी. दारातून आलेली मित्राची हाक. परिपाठात दिनविशेष वाचायची आपली पाळी. कुंडीत पेरलेल्या वालाला कोंब फुटला का, हे बघायची घाई. ज्याच्या घरी सकाळी चूल पेटलेली नसते, त्याला दुपारची खिचडी. शाळेत शिजवलेलं जेवण द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये दिला, तेव्हा त्यात मुलाच्या भुकेची कदर होती. भुकेपोटी शाळेत येणं कमी दर्जाचं मानू नये. ताटावर बसलेलं मूल पुस्तकाशीही बसतं.

एका वर्षी वर्गाच्या फळ्यावर सुविचार लिहायचं काम माझ्याकडे आलं. ओल्या फडक्यानं फळा पुसायचा आणि तो वाळायच्या आत लिहायला घ्यायचं. ओल्यावर खडूची अक्षरं आधी उमटतच नाहीत, पुसट करडी दिसतात. मग पाणी सुकत जातं आणि एकेक अक्षर पांढरंशुभ्र होऊन वर येतं. तेवढं बघण्यासाठी मी घंटेच्या कितीतरी आधी पोचत असे. मी नसेन तर आज फळा कोरा राहील, ही जाणीव मला पावसातून चालवत नेई.

मुलाला शाळेकडे खेचणारं काहीतरी आजचंच लागतं, हे फार आधी ओळखलं ते बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी बालशिक्षणाचं काम मांडलं. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी मुलांना बोल लावला नाही. बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. मुलांना न्हाऊ घालायचं, केस विंचरायचे आणि शंख-शिंपले, बिया, पानं घेऊन खेळ मांडायचा. पुढे १९५७ मध्ये डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर हे काम वारली मुलांपर्यंत गेलं. तिथं आई-बाप मजुरीला जात आणि धाकटं भावंड मोठ्या बहिणीच्या कडेवर असे. ती शाळेत येणार कशी? म्हणून त्यांच्या ‘विकासवाडी’ या प्रयोगात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. कडेवरचं मूल पाळणाघरात ठेवायचं आणि पाटी घेऊन वर्गात बसायचं. जी पोरं गुरांमागे रानात होती, त्यांच्यासाठी कुरणावरच शाळा भरली. मुलाला शाळेची ओढ नाही असं म्हणण्याआधी त्याचा पाय कशात अडकला आहे, हे या दोघींनी वाकून पाहिलं. माझ्या मते महाराष्ट्रानं शिक्षणाबद्दल शिकावा असा याहून मोठा धडा नाही.

आजही पाय अडकतातच. कुणी ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांमागे गाव सोडतं, कुणी इंग्रजीच्या तासाला धसका घेतं, कुणाला नव्या वर्गात बोलायला कुणी नसतं. प्रत्येकाची गाठ वेगळी आणि ती सोडवायची रीतही वेगळी. पण दांडी मारून परत आलेल्या मुलाला गुरुजींनी पहिल्यांदा काय विचारलं, यावर पुष्कळ ठरतं. “काल कुठं उलथला होतास?” असं ऐकलेलं मूल परवाही घरी राहायचं कारण शोधतं. “काल तुझ्यावाचून आपलं नाटक अडलं रे,” हे ऐकलेलं मूल ताप असला तरी येऊ बघतं.

आणि ज्याला खरोखरच जावंसं वाटत नाही, त्या विद्यार्थ्याला मला मनापासून सांगायचं आहे. मन लागण्याची वाट बघत घरी बसू नकोस, मन तिथं गेल्यावर लागतं. शाळेत एखादं काम मागून घे. घंटा दे, झाडांना पाणी घाल, वाचनपेटीतली पुस्तकं लाव. आणि तुझ्यासारखाच कुणी गल्लीत असेल तर सकाळी त्याच्या दारात उभा राहा आणि विचार, “आज तू येणार ना?” त्याला तुझा आधार होईल आणि त्याला न्यायचं म्हणून तूही वेळेवर घराबाहेर पडशील.