ओळ पुरी होईपर्यंत

सुरतच्या महिधरपुऱ्यात, वराछ्यात हिऱ्याचं वजन कॅरेटमध्ये होतं. एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. 0.99 आणि 1.00 यांत अंतर अवघं 2 मिलिग्रॅमचं, पण पुरा कॅरेट भरला की दराची पायरीच बदलते. म्हणून काट्यावरचा आकडा हाताने उतरवण्यापेक्षा सीरियल पोर्टमधून थेट संगणकात घेतलेला बरा.

विंडोजच्या लेखी पोर्ट ही एक फाइलच. क्रिएटफाइलने उघडायची, रीडफाइलने वाचायची. फरक एवढाच की फाइलमधला मजकूर लिहून झालेला असतो, इथला अजून तारेत असतो. सेकंदाला 9600 बिटच्या वेगाला, एका अक्षरामागे दहा बिट धरले तर, सेकंदाला 960 अक्षरं येतात. सोळा अक्षरांच्या ओळीला सुमारे 17 मिलिसेकंद लागतात, आणि रीडफाइल तोवर थांबेलच असं नाही.

अशा अर्धवट ओळीतून कचरा आला तर उलट बरं, तो लगेच नजरेत भरतो. पण काटा सतत आकडे पाठवत असताना पोर्ट मध्येच उघडला, तर 10.52 कॅरेटच्या पुडीतला पहिला ‘1’ निसटतो आणि पडद्यावर येतं 0.52. अगदी सभ्य, पटण्याजोगं वजन! मुरलेला प्रोग्रामर म्हणूनच पहिली ओळ टाकून देतो; पुढचे बाइट साठवत राहतो आणि ओळ संपल्याची खूण दिसेपर्यंत त्यांना वजन म्हणत नाही.

दुसरं दुखणं सकाळचं. काल चाललेला प्रोग्राम आज गप्प, आणि एखादा टर्मिनल प्रोग्राम उघडून बंद केलं की पुन्हा चालू. पॅरिटी, वेग, थांबण्याच्या मुदती आपण ठरवल्या नाहीत, तर आधीच्या प्रोग्रामने मागे ठेवलेल्या कामी येऊ शकतात. सेटकॉमस्टेट आणि सेटकॉमटाइमआउट्स या दोन फंक्शन्सचा आळस असा महागात पडतो.

आताच्या संगणकांना हा पोर्ट बहुधा नसतोच. यूएसबीचं कन्व्हर्टर लागतं. ते दुसऱ्या खाचेत लावलं की कॉम3 चा कॉम11 होऊ शकतो, आणि नऊच्या पुढच्या पोर्टच्या नावाआधी दोन उलटे स्लॅश, टिंब, पुन्हा एक उलटा स्लॅश लावावाच लागतो.

मेटलर टोलेडोच्या काट्यांना ‘एस’ पाठवलं की ते वजन स्थिरावल्यावरच उत्तर देतात. ‘एसआय’ला मात्र डोलता आकडाही लगेच देतात. हिऱ्यासाठी अर्थात ‘एस’. तीन सेकंदांत उत्तर आलं नाही, तर पडद्यावर एरर क्रमांक दाखवण्यापेक्षा ‘काट्याची काच लावा’ एवढं लिहिलेलं चांगलं. बहुतेक वेळा वरचा पंखाच चालू असतो.