प्रश्नानंतरची तीन सेकंदे

प्रश्न विचारून झाल्यावर गप्प राहणे महाविद्यालयीन शिक्षकाला सर्वांत जड जाते, आणि वर्ग सगळ्यांचा होतो की पहिल्या दोन बाकांचा, हे बहुतेक वेळा तेथेच ठरते. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात शालेय विज्ञानवर्गांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे आढळले; हा प्रतीक्षाकाळ, म्हणजे प्रश्न आणि शिक्षकाचे पुढचे वाक्य यांमधला अवधी, तीन सेकंदांवर नेला की उत्तरे विस्तारतात आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात.

महाराष्ट्रातील वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षाला तीन सेकंदही अपुरी पडतात. मिठाचा भाव वाढला तरी खप फारसा का घटत नाही, असे अलवचिक मागणी, म्हणजे किमतीतील बदलाने फारशी न हलणारी मागणी, शिकवताना विचारले की मराठी माध्यमातून आलेली विद्यार्थिनी उत्तर आधी मनात मराठीत जुळवते, मग इंग्रजी शब्द शोधते, आणि तोवर पुढच्या बाकावरचे ‘नेसेसिटी’ फळ्यावर लिहूनही झालेले असते. मराठीत बोलण्याची मुभा आणि वहीत दोन ओळी खरडण्यापुरता वेळ मिळाला, की तीच सांगते की मिठाचा एक पुडा बरेच दिवस पुरतो, भाव दुप्पट झाला तरी घरखर्चात जाणवत नाही आणि त्याऐवजी भाजीत दुसरे काही घालता येत नाही. मागचे बाक हसतात, दुजोरा देतात, आपापल्या घरची उदाहरणे जोडतात. वर्गातला आनंद तो हाच.

प्रस्तुत लेखकाच्या अध्यापनात हे थांबणे आले ते उतारवयात आवाज थकू लागल्यावर. अखंड, ओघवत्या व्याख्यानांचा त्याला मोठा अभिमान होता, इतर तुकड्यांतील मुले येऊन बसत याचा तर विशेषच, आणि शांतता लांबली की एखाद्या घोटीव वाक्याने ती भरून टाकण्याचा मोह आजही सुटलेला नाही.

आनंददायी शिक्षण म्हणून पीपीटीत चित्रफिती आणि विनोद पेरणाऱ्यांचे वर्ग भरतात खरे, परंतु तेथेही बोलतो एकटा शिक्षकच. तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, नेमलेल्या आणि दोन महाविद्यालयांत धावणाऱ्या प्राध्यापकाकडून मात्र थांबण्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे, कारण त्याला अभ्यासक्रम उरकावाच लागतो. सर्वांना सामावून घेणारे वर्ग हवे असतील, तर शासनाने आधी ही पदे कायमस्वरूपी भरावीत.