मोमीनपुऱ्यातली हवेशीर खोली

जुलैच्या मध्यावर सोलापूरहून पुण्याला खालाकडे गेले. स्वारगेटहून रिक्षा गंज पेठेत शिरली आणि महात्मा फुले वाड्यावरून पुढे मोमीनपुऱ्याच्या बोळात आली. याच पेठेत जोतीरावांनी 1868 मध्ये आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. चामड्याचं काम करणाऱ्यांना तेव्हा पाणीसुद्धा लोकांच्या मर्जीवर मिळायचं. त्याच पेठेत आज माझी खाला चामड्यावर आपली रोजी कमावते.

खालूजानच्या इंतकालनंतर रापी आणि आरी तिनं हाती घेतली. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, एक खिडकी. तिथं ती पट्टे, पाकिटं आणि चपला करते.

मागच्या पावसाळ्यात तिला मोठा फटका बसला. उसने पैसे घेऊन तिनं ईदच्या ऑर्डरीसाठी चामडं आणलं होतं. माल महागाचा, म्हणून तो घडी करून प्लास्टिकमध्ये गुंडाळला, पत्र्याच्या ट्रंकेत घातला आणि वर कुलूप लावलं. वीस दिवसांनी ट्रंक उघडली, तर चामड्यावर पांढरी-हिरवी बुरशी आणि घड्यांवर चिरा. लोखंडी बकल जिथं टेकली होती तिथं काळे डाग पडले होते. निम्मा माल गेला. त्यातून लेकीच्या कॉलेजची फी निघायची होती.

“बेटा, मी त्याला जपलं नाही, कोंडलं,” खाला म्हणाली.

बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं हवेतला ओलावा शोषून घेतं. हवेतली आर्द्रता बरेच दिवस 65-70 टक्क्यांच्या वर राहिली की त्यावर बुरशी धरते. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती सहज 80 च्या पुढे जाते. प्लास्टिकमध्ये हा ओलावा अडकून पडतो. क्रोमनं कमावलेलं चामडं थोडं जास्त तग धरतं, पण तेही पूर्ण सुरक्षित नाही. सालीतल्या टॅनिनला ओल्यात लोखंड लागलं की काळा डाग पडतो, तो सहसा निघत नाही.

आता खोलीची मांडणी बदलली आहे. कापडाच्या दुकानातून आणलेल्या जाड पुठ्ठ्याच्या नळ्यांवर चामडं गुंडाळलेलं असतं, गुळगुळीत बाजू बाहेर. त्यावर धुतलेल्या पांढऱ्या मलमलचं कापड. रंगीत कापड नको, रंग उतरतो. वर्तमानपत्रही नको, शाई लागते. फळी भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उंच. बकल आणि खिळे वेगळ्या डब्यात. भिंतीवर आर्द्रता दाखवणारं घड्याळाएवढं यंत्र टांगलं आहे. पाऊस कोसळत असताना ती खिडकी लावून पंखा चालवते आणि ऊन पडलं की खिडकी उघडते. जास्त तेल मात्र चोपडत नाही, कारण खोबरेल किंवा मोहरीचं तेल खवट होतं आणि बुरशीला खाद्य मिळतं.

बुरशी दिसलीच, तर नाकाला फडकं बांधून माल अंगणात न्यायचा आणि मऊ कोरड्या कापडानं झटकायचा. मग व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, कापड घट्ट पिळून हलकेच पुसायचं. आधी एका कोपऱ्यावर करून बघायचं. वाळवायचं ते सावलीत. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवलं तर चामडं आखडतं आणि कडक होतं.

मला आमचं सोलापूर आठवलं. तिथं चामडं पावसानं कमी, मे महिन्याच्या उन्हानं जास्त मरतं. तापलेल्या पत्र्याखाली ते शुष्क होऊन तडकतं. म्हणून अब्बा माल पोटमाळ्यावर कधीच ठेवत नसत. घरातल्या सर्वांत थंड, जाड भिंतींच्या खोलीत ठेवत. हवामान वेगळं, पण नियम तोच: ऊन नको, ओल नको, हवा मात्र हवी.

खाला दर जुम्म्याच्या सकाळी एकेक गुंडाळी उलगडून वास घेते. कुबट वास हा पहिला इशारा. हे काम दहा मिनिटांचं आहे. “उसनवारीचा माल म्हणजे अमानत,” ती म्हणते, “आणि अमानत रोज डोळ्यांखाली असावी लागते.”

मी निघाले तेव्हा बाहेर पाऊस सुरू झाला होता. खालानं आधी उठून खिडकी लावली, पंखा सुरू केला, आणि मग मला निरोप द्यायला दारापर्यंत आली.